योक-दा

मी ‘नाही’ म्हणाले आणि त्याचं ‘हो’ झालं. चोरून नाही, अगदी माझ्या डोळ्यांदेखत, दवाखान्यात, डॉक्टरीणबाईंसमोर. वर मलाच म्हणाले, बाई गोंधळल्यात. तेव्हापासून माझं टाळकं जे सटकलंय ते अजून जागेवर आलेलं नाही. आणि येऊ पण नये.

मी मतलूबा. ताश्कंदात ट्राम चालवायचे. थांब्यांची नावं रशियनमध्ये पुकारायची आणि दारात लोंबकळणाऱ्या पोरांना शिव्या उझ्बेकमध्ये घालायच्या, कधी कधी उलटं, जे तोंडात आधी येईल ते. आता ट्रामही गेल्या आणि मीही घरी बसले. नवरा केव्हाच वारला. मुलगा दोनियोर रशियात, समारा नावाच्या शहरात असतो, बायको तिथलीच, मुलं तिथलीच. मी आमच्या जुन्या चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते आणि मजेत राहते.

गेल्या वसंतात, आवारातली जर्दाळू नुकती फुलली होती तेव्हा, मी चहाची किटली हातात घेऊन उभी होते आणि एकदम उजवा हात माझा राहिलाच नाही. किटली पडली, मागोमाग मी. खालच्या मजल्यावरच्या पेत्रोव्नाने धप्प आवाज ऐकला. तिच्याकडे माझी किल्ली असते आणि माझ्याकडे तिची. ती धावत आली, मला तशी पडलेली पाहून ‘वोय-दोद!’ म्हणून किंचाळली. पेत्रोव्ना रशियन बाई, सोनेरी केसांची, पण घाबरली की आमच्या बायकांसारखीच उझ्बेकमध्ये बोंब मारते. जन्मच इथला तिचा, करणार काय!

मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती म्हणे. हात परत आला, पाय परत आला, वाकडं झालेलं तोंडही सरळ झालं. शब्द तेवढे रुसून बसले. मीठ मागायचं तर ‘खिडकी’ यायचं. मग हळूहळू तेही परतले, आणि परतले ते होते तसेच परतले, म्हणजे दोन्ही भाषांचे एकत्र. आमच्या आवारात तसंच बोलतात. कुलपाला आम्ही उझ्बेकमध्ये ‘कुल्फ’ म्हणतो आणि किल्लीला रशियनमध्ये ‘क्ल्यूच’, आणि एकाच वाक्यात दोन्ही येतात. दार उघडतंच की! मला कधी कळलंही नाही की मी एका भाषेतून दुसरीत जाते. आजारी पडले तेव्हा लोकांनी सांगितलं.

आता ‘योक-दा’ काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या उझ्बेकमध्ये ‘योक’ म्हणजे नाही. त्याला शेपटीसारखा ‘दा’ लावला की झालं ‘छे, मुळीच नाही’. हा ‘दा’ आम्ही कशालाही लावतो, रागाने बोलायचं असलं की हमखास. पण रशियनमध्ये ‘दा’ म्हणजे हो! गंमत अशी की रशियन माणसालाही झटकून ‘छे, नाही’ म्हणायचं असलं की तो म्हणतो ‘दा न्येत’. हो-नाही! पण त्याचा अर्थ नाहीच. म्हणजे माझ्या दोन्ही भाषांतल्या खणखणीत नकारात एक ‘हो’ बसलेला. अख्खा जन्म गेला, त्याने कधी कुणाचं काही अडलं नव्हतं.

अडलं ते दोनियोर आला तेव्हा. माझं कळल्यावर तो समाराहून धावत आला, त्याबद्दल मी काही बोलणार नाही, चांगला मुलगा आहे. माझे पाय चेपायचा, औषधं द्यायचा. पण आल्या दिवसापासून त्याचं एकच टुमणं, “ओयी, तू आता माझ्याबरोबर चल. एकटी ठेवणार नाही मी तुला.” ओयी म्हणजे आमच्याकडे आई. डॉक्टरांनी एकटं राहायला हरकत नाही म्हटलं तर मी इथे, नाही म्हटलं तर समारा, असं त्याचं त्यानेच ठरवून टाकलं.

आता समारात काय आहे? माझे नातू आहेत, गोड आहेत, पण त्यांना उझ्बेकचा एक शब्द कळत नाही. सून मला फोनवर फार प्रेमाने विचारते, “पुन्हा सांगता का?” त्या घरात माझं अर्धं वाक्य आत जाणार आणि अर्धं दाराबाहेर उभं राहणार. एकदा जवळजवळ मुकी झालेय मी. पुन्हा व्हायचं नाही मला.

तर दोनियोर मला दवाखान्यात घेऊन गेला. वाचेच्या डॉक्टर वेरोनिका इगोरेव्ना तरुण आहेत, ओम्स्कहून लग्न होऊन नुकत्याच इथे आलेल्या. बोलणं मऊ, हात ऊबदार. मला त्या आवडल्या, उगाच खोटं कशाला बोलू. त्यांनी सोपे सोपे प्रश्न विचारायला सुरुवात केली, फक्त हो किंवा नाही म्हणायचं.

“तुमचं नाव मतलूबा आहे का?”

“दा.”

“आपण आत्ता विमानात बसलोय का?”

मला हसूच आलं. “योक-दा!”

त्यांचं पेन थांबलं. “योक... की दा?”

“योक-दा!” मी जोरात म्हणाले. बहिऱ्या आहेत की काय!

“बर्फ गरम असतो का?”

“दा न्येत, योक-दा!” माझा पारा चढायला लागला होता.

त्या दोनियोरकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, “बघितलंत? आधी नाही म्हणतात, मग लगेच हो. या आजारात हो-नाहीची अदलाबदल होते. शिवाय दोन भाषा मिसळतायत. माणूस एक भाषा बोलत असताना मेंदू दुसरीला कुलूप घालून ठेवतो. यांचं ते कुलूप बहुतेक निसटलंय.”

कुलूप! अहो, माझ्या घरात ते कुलूप कधी नव्हतंच! दोन्ही भाषा एकाच चुलीवर जेवत आल्या, आता निसटणार काय? हे सगळं मला बोलायचं होतं. पण डोक्यात असलेलं तोंडापर्यंत येईना, आलं तेही उलटंपालटं आलं, आणि त्यांनी मान हलवत तेही लिहून घेतलं.

मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि माझा हात हातात घेऊन विचारलं, “मतलूबा साबिरोव्ना, तुम्हाला मुलाबरोबर समाराला जायचंय का?”

“योक-दा!”

खोलीतल्या कपाटालासुद्धा कळलं असतं असं म्हणाले मी. डॉक्टरीणबाईंनी दोनियोरला विचारलं, “मला यांची भाषा येत नाही. बाजारातलं ‘योक’ तेवढं येतं. तुम्ही सांगा, या काय म्हणाल्या?”

दोनियोरने आपल्या बुटांकडे पाहिलं. लहानपणी खडीसाखर चोरून खाल्ली की असाच बघायचा. “दा म्हणाली,” तो म्हणाला. “हो म्हणाली.”

मी त्याच्याकडे बघतच राहिले. ज्याला मी या तोंडाने अंगाई गायली, याच तोंडाने रागे भरले, त्याला योक-दा कळत नाही? त्याला कळलं होतं. शंभर टक्के कळलं होतं. डॉक्टरीणबाई चुकल्या तर चुकल्या, त्यांचा काय दोष, कालच आल्यात बिचाऱ्या. पण हा माझा मुलगा माझ्या तोंडातला नकार उचलून खिशात घालत होता आणि मला त्याचा हात धरता येत नव्हता. पुढच्या आठवड्यात पुन्हा एकदा बघू आणि मग पक्कं सांगू, असं म्हणून त्यांनी आम्हाला सोडलं.

घरी आल्याबरोबर मी दार आपटलं. “तुला कळलं होतं!” एवढं मात्र सरळ आलं.

“ओयी, शांत हो. आणि एका भाषेत बोल ना. डॉक्टरांनी सांगितलंय, मेंदूवर ताण येतो.”

“तुझ्या... तुझ्या ताणाला... कुत्रं...” पुढचं काही सापडेना, म्हणून मी हातातला रुमालच फेकून मारला.

त्याने रुमाल उचलला, घडी घातली आणि खाली बसला. म्हणाला, “त्या दिवशी पेत्रोव्ना-खाला बाजारात गेलेल्या असत्या तर? तू तशीच पडून राहिली असतीस. मला फोन आला तेव्हा मी कामावर होतो. संध्याकाळपर्यंत मला माहीत नव्हतं की मला आई आहे की नाही. मला झोप लागत नाही ओयी.”

त्याचे डोळे भरले होते. मलाही वाईट वाटलं, नाही असं नाही. पण भीती त्याला वाटते म्हणून खोटं माझ्या नावावर? हे काही मला पटेना. मी तोंड फिरवून बसले आणि रात्रीचं जेवले नाही.

समाराच्या वाटेवर अजून एक माणूस उभा होता, तो म्हणजे माझा दीर एर्गाश-आका. नमंगानहून आला, जिथे नुसतं उझ्बेक चालतं, चादरीत बांधलेले मोठमोठे नान आणि सुके जर्दाळू घेऊन. खुर्चीवर नव्हे, खाली गादीवर ऐसपैस बसला आणि मला म्हणाला, “परक्या मुलखात कशाला जातेस? आमच्याकडे चल. पोरीसुना आहेत करायला. चार महिन्यांत भाषा स्वच्छ होईल तुझी. हे शहरातलं भेसळीचं बोलणं ऐकून कान किटतात बघ.”

“दा न्येत, आका,” मी म्हणाले.

“हं? हो का नाही?”

“दा न्येत!”

“अगं एक काय ते बोल ना! दा का न्येत?”

“दा न्येत, दा न्येत!”

एर्गाश-आकाने कपाळावर हात मारला. “दोनियोर, हिची तर अगदीच वाट लागली की रे! एका दमात चारदा मत बदलते बाई!”

दोनियोर चहा ओतत होता. त्याने हसू दाबलं, ते मी पाहिलं. बघा म्हणजे! हसू कशाचं येतं? कळलेल्या गोष्टीचंच येतं ना! तेवढ्यात मला शब्द सापडले आणि मी दिराला म्हणाले, “आका, पुलावात गाजर घालतात त्याला भेसळ म्हणता का तुम्ही?”

“पुलाव वेगळा, भाषा वेगळी.”

“माझ्या तोंडात दोन्ही जातात!”

म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. तो वाईट नाही हो. पण त्याच्या नमंगानमध्ये माझं रशियन अर्धं दाराबाहेर राहणार, समारात उझ्बेक अर्धं. मी आख्खी मावते ती फक्त इथे, आमच्या आवारात. हे या दोघांना कसं सांगावं ते कळेना.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं पडलं होतं. पेत्रोव्ना मला हाताला धरून खाली बाकावर घेऊन गेली. आमचा पत्त्यांचा डाव गेली कित्येक वर्षं तिथेच बसतो, ज्याच्या हातात शेवटी पानं उरतील तो गाढव. तिसरा हात कमी होता म्हणून दोनियोरलाही बसवलं. आणि काय सांगू, पानं हातात आली आणि माझी जीभ सुटली. राजा रशियन, राणी उझ्बेक, उतारी उझ्बेक, शिव्या दोन्ही. कुठे अडखळणं नाही, कुठे शोधणं नाही. पेत्रोव्नाही तशीच बडबडत होती. कुणीच कुणाला म्हणालं नाही की एका भाषेत बोल.

मी गाढव झाले आणि पेत्रोव्नाने एकदम दोनियोरची बाही पकडली. “दोनियोरजान, एक्का लपवलास ना रे? दाखव बाही!”

“योक-दा, खाला!” तो ओरडला. “पानं सरळ हातात आलीयत माझ्या!”

मी पत्ते खाली ठेवले. पेत्रोव्नाने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. तिला सगळं माहीत होतं, मी तिला दवाखान्यातलं सांगितलं होतं, अर्धं हातवारे करून. दोनियोरच्या मात्र लक्षातही आलं नाही. इतकी वर्षं समारात राहून त्याने जीभ चांगली घासूनपुसून ठेवली होती, माझ्याशीही रशियनच बोलायचा, मोजून मापून. पण चोर म्हटलं आणि तो उसळला, तेव्हा विचार करायला वेळ मिळाला नाही, आणि वेळ मिळाला नाही की आमच्या आवारातली पोरं योक-दाच म्हणतात.

वर जाताना जिन्यात पेत्रोव्ना कुजबुजली, “एवढंच करायचं मतलूबा. त्याला विचार करू द्यायचा नाही.”

“उसळला पाहिजे,” मी म्हणाले.

“आणि डॉक्टरसमोर.”

मग मी कामाला लागले. एक प्रश्न पाहिजे होता, असा की ऐकताक्षणी त्याने उसळावं. प्रश्न तर मला लगेच सुचला, खरं म्हणजे तो ‘एका भाषेत बोल’ म्हणाला तेव्हापासून माझ्या छातीत तोच रुतून बसला होता. अडचण ती बोलायची. मी न्हाणीघरात नळ सोडून सराव करायचे. सगळं उझ्बेकमध्ये म्हणू गेले की पहिला शब्द हुलकावणी द्यायचा, सगळं रशियनमध्ये म्हणू गेले की शेवटचा. शेवटी म्हटलं, जाऊ दे, जसं येतं तसंच येऊ दे. सुरुवात रशियन, शेवट उझ्बेक. तसं म्हटलं आणि आख्खा प्रश्न एका श्वासात बाहेर पडला. नळ बंद केला.

ठरल्या दिवशी पेत्रोव्नाही आमच्याबरोबर निघाली. दोनियोर म्हणाला, “खाला, तुम्ही कशाला त्रास घेता?” ती म्हणाली, “माझं ब्लडप्रेशर दाखवायचंय.” तिचं ब्लडप्रेशर माझ्यापेक्षा चांगलं आहे. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत मात्र ती खुशाल येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली.

वेरोनिका इगोरेव्नांनी चित्रांची कार्डं काढली. म्हणाल्या, “निळी कड असेल तर रशियनमध्ये सांगायचं, हिरवी असेल तर उझ्बेकमध्ये. बरोबर की चूक ते तुमच्या मुलाला विचारीन.”

निळं कार्ड, किटली. शब्द समोर उभा होता, पण आधी रंग बघायचा, मग त्या रंगाची भाषा कोणती ते आठवायचं, मग शब्द. हिरवं कार्ड, घोडा. निळं, कुलूप. मी म्हणाले ‘कुल्फ’, त्यांनी फुली मारली. हिरवं, किल्ली. मी म्हणाले ‘क्ल्यूच’, पुन्हा फुली. मला घाम फुटला. जुन्या ट्रामला काही फाट्यांवर सांधा हाताने बदलावा लागायचा. गाडी थांबवायची, लोखंडी पहार घेऊन खाली उतरायचं, बर्फात वाकायचं, सांधा सरकवायचा, परत चढायचं. या बाई मला प्रत्येक शब्दाला गाडीतून उतरवत होत्या.

मी कार्डांवर हात ठेवला. “पुरे.” मग शब्द गोळा करत म्हणाले, “रंग नको. मी... माझं मी. चालेल?”

त्यांनी कार्डं खाली ठेवली. घड्याळ बघितलं नाही, कपाळाला आठी घातली नाही, हे मला आवडलं. “चालेल,” म्हणाल्या. “जसं येईल तसं सांगा.”

त्यांनी तीच कार्डं पुन्हा दाखवायला सुरुवात केली आणि मी सुटले. किटली, घोडा, कुल्फ, क्ल्यूच, नान, खिडकी, बदक, शिडी, त्यांना कार्ड उलटायची फुरसत देईना. कुठलं कुठल्या भाषेत आलं तेही मी बघितलं नाही. कार्डं संपली. कोपऱ्यातून पेत्रोव्नाने टाळ्या वाजवल्या.

डॉक्टरीणबाईंनी कार्डांचा गठ्ठा हातात तसाच धरला. “हे वेगळंच आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “मी भाषा ठरवली की तुम्ही अडखळता. तुम्ही ठरवलीत की अजिबात नाही. मग हे निसटणं नाही म्हणायचं.”

“अहो, माझा सांधा जन्मापासून आपोआप बदलतो,” मी म्हणाले. हेही अर्धं अर्धंच होतं. दोनियोरने ते त्यांना रशियनमध्ये समजावून सांगितलं, इतकं नीट, की माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हणजे सांगता येतं याला, इच्छा असली की!

“तरी मला हो-नाहीची काळजी वाटते,” त्या म्हणाल्या. “घरी एकट्या असताना कुणी काही विचारलं आणि तुम्ही नको त्याला हो म्हणालात तर? गेल्या वेळी तुम्ही समाराला जायला आधी नाही म्हणालात आणि मग...”

“एक मिनिट,” मी म्हणाले. पेत्रोव्नाने स्टूल थोडं पुढे सरकवलं. मी दोनियोरकडे वळले, त्याच्या बुटांकडे नाही, सरळ डोळ्यांत पाहिलं, आणि न्हाणीघरातला प्रश्न एका श्वासात सोडला, सुरुवात रशियन, शेवट उझ्बेक.

“दोनियोर, तुला तुझ्या आईची लाज वाटते ना?”

“योक-दा, ओयी!”

तो खुर्चीवरून अर्धा उठला होता. आवाज फाटला होता त्याचा. खोटं नव्हतं त्यात काही, आतड्यातून आलं होतं ते, माझा मुलगा आहे, मला कळतं. पण मी रडणार नव्हते, आज नाही. मी डॉक्टरीणबाईंकडे वळून म्हणाले, “लिहा. काय म्हणाला? हो की नाही?”

 दोनियोर तसाच अर्धा उभा. त्याचे कान लाल झाले, मग मान, मग सगळा चेहरा. त्याला कळलं.

वेरोनिका इगोरेव्नांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. मूर्ख बाई नाही ती. “हाच शब्द,” त्या म्हणाल्या. “दोनियोर, तुम्ही आत्ता काय म्हणालात? तुम्हाला आईची लाज वाटते?”

“नाही! नाही, अजिबात नाही, कसं शक्य आहे!”

“मग ‘दा’ कसलं?”

“ते तसं... ते हो नाही. ते फक्त...” तो मटकन खाली बसला. “त्याचा अर्थ होतो मुळीच नाही. कधीच नाही.”

“आणि त्या दिवशी या म्हणाल्या तेव्हा?”

 त्याला अजूनही खोटं बोलता आलं असतं. आजारी माणसाचं वेगळं असतं, असं काहीतरी म्हणता आलं असतं, डॉक्टरांनी कदाचित मानलंही असतं. पण मग त्याच तोंडाने तो आईची लाज वाटते असंही म्हणाल्यासारखं झालं असतं. दोन्ही नकार एकाच पेटीत होते, एक फोडला की दुसराही फुटणार.

“तेव्हाही नाहीच,” दोनियोर म्हणाला. “मला कळलं होतं.” मग माझ्याकडे न बघता, आणि रशियन सोडून, म्हणाला, “मी घाबरलो होतो ओयी.”

“घाबर ना मग! खुशाल घाबर!” मी म्हणाले. “रोज फोन कर, चारदा कर, घाबरून इथे येऊन राहा. पण माझ्या तोंडातलं मला न विचारता बदलायचं नाही. कळलं?”

“कळलं.”

“किल्ली माझ्याकडे आहे,” पेत्रोव्ना कोपऱ्यातून म्हणाली. “रोज सकाळी मी वर जाऊन बघेन ही जिवंत आहे का. आणि नसेल तर हिचा समोवार मी घेणार.”

“वोय-दोद, आधीच डोळा ठेवलाय!” मी म्हणाले.

डॉक्टरीणबाई हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. पेन हातात घेतलं, नवं पान काढलं आणि मला म्हणाल्या, “मतलूबा साबिरोव्ना, गेल्या वेळचं मी खोडते. पण मुलाच्या तोंडून नको, मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. तुम्हाला समाराला जायचंय का? फक्त एक शब्द. ‘न्येत’ म्हणा नाहीतर ‘योक’ म्हणा, कुठलाही चालेल, म्हणजे पुन्हा घोटाळा नको.”

आता खरं सांगते. मला ‘न्येत’ म्हणता येत होतं. ‘योक’ही येत होतं. दोन्ही जिभेच्या टोकावर हजर होते, सुटे सुटे, स्वच्छ, कुणालाही कळतील असे. दोनियोर माझ्याकडे बघत होता, विनवल्यासारखा, की ओयी, म्हणून टाक एकदाचं सरळ.

“योक-दा,” मी म्हणाले.

आणि बाईंनी, काही न विचारता, ‘नाही’ असं लिहिलं.